धान्य न घालता गुलाबाची शॉर्टब्रेड बिस्किटं: पसरतात, तुटतात, पाकळ्या काळ्या पडतात

रविवारची_भट्टी (कोल्हापूर)

घरात सगळ्यांनी मिळून रविवारी करायची आहेत. गहू, तांदूळ, ज्वारी, मका, नाचणी, वरी, कुठलंच तृणधान्य नको. घरात एकाला गव्हाचं कडक पथ्य आहे आणि तीच बिस्किटं आजींना एकादशीलाही चालायला हवीत. अंडं नको. ओटीजी (विजेची छोटी भट्टी) २८ लिटरचा, वरखाली दोन्ही रॉड चालतात. मदतीला ६ आणि ९ वर्षांची दोन मुलं.

आत्तापर्यंतचं माप असं: घरी दळलेली बदामाची पूड १५० ग्रॅम, पिवळं खारं लोणी १०० ग्रॅम, आयसिंग शुगर ५० ग्रॅम, ताज्या गुलाबाच्या पाकळ्या मूठभर बारीक चिरून. १८० अंशांवर १५ मिनिटं. म्हणजे मैद्याच्या शॉर्टब्रेडचं नेहमीचं माप, मैद्याच्या जागी बदाम. ट्रेमध्ये सगळी वितळून एकमेकांना चिकटली, तळाशी तेल सुटलं, कडा करपल्या, उचलायला गेलं की भुगा. पाकळ्या काळ्या आणि चव कडवट. वास तर जवळजवळ नाहीच.

बदाम स्वस्त नाहीत, त्यामुळे पुन्हा अंदाजपंचे करायचं नाही. माप कुठे बदलू? फुलाचा वास भाजल्यावर टिकतो का? आणि मुलांना नेमकं कुठलं काम देता येईल?

---

खुसखुशीत

ताई, आधी तेलाचा हिशेब बघा. शॉर्टब्रेडचं जुनं माप १:२:३, एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. मैद्यात स्निग्धांश नावालाच असतो, बदामात मात्र वजनाच्या निम्मं तेल आहे. तुमच्या १५० ग्रॅम पुडीतच ७५ ग्रॅम तेल होतं. वर १०० ग्रॅम लोण्यातून आणखी ८० ग्रॅम आलं. ३०० ग्रॅमच्या गोळ्यात निम्म्याहून जास्त नुसतं तूपतेल, आणि ते शोषून घ्यायला स्टार्च जवळपास नाहीच. मग ते ट्रेवर येणारच. निम्मं लोणी बदामाच्या आतच आहे असं धरूनच माप घ्यायचं.

म्हणून दोन बदल करा. लोणी कमी करा आणि धान्याचं नसलेलं एखादं पिष्टमय पीठ घाला. आपल्याकडे सहज मिळणारं आणि उपवासाला चालणारं म्हणजे शिंगाड्याचं पीठ. शिंगाडा पाण्यातल्या वेलीचं फळ, तृणधान्याशी त्याचा संबंध नाही.

माप (साधारण २० ते २२ बिस्किटं): सोललेल्या बदामाची पूड १५० ग्रॅम, शिंगाडा पीठ ४० ग्रॅम, घरी दळलेली पिठीसाखर ५० ग्रॅम, बिनमिठाचं लोणी ६५ ग्रॅम, सैंधव पाव छोटा चमचा, वाळक्या गुलाबपाकळ्यांची पूड १ मोठा चमचा, वेलदोड्याची पूड २ चिमटी. थंड दूध हाताशी ठेवा, पण लागलं तरच, आणि तेही १ छोट्या चमच्याच्या वर नको. बेकिंग पावडर, सोडा काही घालायचं नाही. शॉर्टब्रेड फुगायचं नसतंच.

आयसिंग शुगर मात्र बंद करा. गुठळ्या होऊ नयेत म्हणून तिच्यात बऱ्याचदा मक्याचा स्टार्च घातलेला असतो, म्हणजे धान्य मागल्या दाराने आलंच. पाकिटावरची घटकयादी वाचा. विकतच्या आरारूटचंही तसंच, नाव आरारूट आणि आत दुसराच स्टार्च असं निघू शकतं. 'उपवास भाजणी'ही वापरू नका, तिच्यात वरी असते. वरी उपवासाला चालते, पण ती तृणधान्यच.

शिंगाडा पीठ कच्चं घातलं तर बिस्किटाला मातकट वास येतो. जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर ४ ते ५ मिनिटं कोरडं परतायचं, रंग बदलायच्या आत उतरवायचं, पूर्ण गार करून मैद्याच्या चाळणीने चाळायचं. गव्हाचं पथ्य कडक असेल तर हे पीठ कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आणू नका. जात्याच्या पाळूत आणि पेटीत आधीच्या गिऱ्हाइकाची कणीक असते. पाकीटबंद, 'ग्लूटेनमुक्त' (ग्लूटेन म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन) छापलेलं घ्या. घरातली मैद्याची चाळणी कणकेची असेल तर तीही चालणार नाही, नवी आणा. लाकडी पोळपाट, लाटणं तर अजिबात नको, लाकडाच्या रेघांत कणीक बसलेली असते.

आता बदाम. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

१७० ग्रॅम बदाम घ्या, साल आणि चाळणीतली घट धरून १५० ग्रॅम पूड मिळते. पाणी खळखळून उकळलं की गॅस बंद करून बदाम टाका, मिनिटभर ठेवा, चाळणीत ओतून लगेच गार पाण्यात घाला. तासभर भिजवत ठेवू नका, बदाम पाणी पितो आणि मग तो वाळवणं जिकिरीचं होतं. चिमटीत धरून जाड बाजूने दाबला की पांढरा बदाम सालातून सटकन उडतो. पातेल्याच्या आत हात धरून सोला, नाहीतर निम्मे फ्रिजखाली जातील. हे काम आजी आणि धाकट्या दोघांना द्या. चवीला बदाम खाताना एखादा कडू लागला तर तो थुंकायचा, गिळायचा नाही, आणि बाकीचे तपासून घ्यायचे. एक कडू बदाम अख्खी पूड बिघडवतो.

सोललेले बदाम पुसून सुती कापडावर रात्रभर पसरा. सकाळी ओटीजीत १०० अंशांवर २० मिनिटं, रंग न येऊ देता. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सर. गरम बदाम दळला की तेल लगेच सुटतं. चटणीच्या भांड्यात एका वेळी मूठभर बदाम, त्यातच मापातली थोडी साखर आणि थोडं शिंगाडा पीठ. बटण दोन सेकंद दाबा, सोडा, भांडं हलवा, असं ६ ते ७ वेळा. सलग फिरवलं की पातं तापतं, पूड भांड्याच्या कडेला ओली होऊन चिकटते. तसं दिसलं की थांबायचंच, त्यापुढे बदामाचं लोणी होतं आणि ते परत पूड होत नाही. रव्याच्या चाळणीने चाळा. पूड चाळणीतून भुरभुर पडली पाहिजे. गोळे होऊन अडकत असेल तर ती जास्त दळली गेली आहे, अशी पूड असेल तर लोणी १० ग्रॅम कमी करा. वर राहिलेला रवा पुन्हा दळा, शेवटचा चमचाभर जाडसर राहिला तर राहू द्या.

मळणं असं काही नाहीच. लोणी फ्रिजमधून काढून १५ ते २० मिनिटांनी, बोट दाबलं की खड्डा पडेल पण चकाकणार नाही, इतपत मऊ हवं. उन्हाळ्यात १० मिनिटं पुरतात. साखर आणि लोणी चमच्याने एकत्र करा, फेसू नका. आत हवा भरली की भाजताना पसरतं. मग मीठ, गुलाबपूड, वेलदोडा, शिंगाडा, बदाम. आधी चमच्याने, शेवटी बोटांच्या टोकांनी. तळहात गरम असतो, तो लांब ठेवा.

गोळा झाला का ते असं बघायचं: मूठभर मिश्रण दाबा, मग अंगठ्याने मध्ये खळगा करा. कडेला बारीक भेगा पडल्या पण तुकडा हातात राहिला, की झालं. पार भुगा झाला तर पाव चमचा दूध. अंगठ्यावर तेलाची चमक आली तर पीठ तापलंय, वाटीसकट फ्रिजमध्ये २० मिनिटं. अशा वेळी आणखी पीठ घालण्याचा मोह होतो, तो टाळा, शिंगाडा जास्त झाला की बिस्किट कोरडं आणि घशात अडकणारं होतं.

दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून ७ ते ८ मिलिमीटर जाड लाटा. पातळ लाटू नका, पातळ झालं की काठ करपतो आणि मधला भाग कच्चा राहतो. पेपरसकट स्टीलच्या ताटावर ठेवून फ्रिजमध्ये ४५ मिनिटं. या वेळात लोणी घट्ट होतं आणि शिंगाडा ओल शोषून घेतो. बाहेर काढल्यावर लगेच कापायचं. चांदणीसारखे टोकदार साचे नकोत, टोकं मोडतात. बाटलीचं छोटं टोपण, ४ ते ५ सेंटिमीटरचा गोल साचा किंवा शंकरपाळ्याचं नवं कातणं. कातण्याने चौकोन पाडले तर कडेला नक्षी येते आणि वाया काही जात नाही.

मुलांसाठी यात एक मोठी सोय आहे. मैद्याचं पीठ पुन्हा पुन्हा लाटलं की ग्लूटेनमुळे चिवट होतं. यात ग्लूटेन नाही, म्हणून उरलेले तुकडे गोळा करून दोन-तीनदा लाटले तरी चिवटपणा येत नाही. फक्त प्रत्येक वेळी मध्ये १५ मिनिटं थंड करायचं. एकाने कापायचं, दुसऱ्याने पातळ उलथण्याने ट्रेवर ठेवायचं, दोघांनी एकाच वेळी हात घालायचा नाही.

ओटीजी १५५ अंशांवर, दोन्ही रॉड, १५ मिनिटं आधी तापवा. घरगुती ओटीजीचं बटण १५-२० अंश इकडेतिकडे सहज असतं, आत टांगायचा साधा तापमापक मिळाला तर घ्या. ट्रे मधल्या खाचेत, १२ ते १४ मिनिटं, सातव्या मिनिटाला ट्रे फिरवून. वरून फिकट, फक्त कडेला बिस्किटी छटा आणि उलटून बघितलं तर तळ सोनेरी, इतकंच हवं. १८० वर बदाम आणि साखर दोन्ही आधी करपतात, आतली ओल जायला वेळच मिळत नाही.

बाहेर काढल्यावर ती ओल्या वाळूसारखी मऊ असणार. हात लावायचा नाही. ट्रेमध्येच २५ मिनिटं. गार होताना लोणी आणि वितळलेली साखर परत घट्ट होते आणि तीच बिस्किट धरून ठेवते. तुमचा भुगा झाला त्यात गरमागरम उचलण्याचाही वाटा आहे.

---

गच्चीवरची_बाग

फुलांबद्दल मी लिहिते, कारण कडवटपणा आणि वास हे दोन्ही प्रश्न तिथलेच आहेत.

गुलाब कुठला घेतलात? लांब दांड्याच्या, प्लॅस्टिकच्या बाहीत येणाऱ्या डच गुलाबाला वास जवळपास नसतो आणि त्यावर शेवटपर्यंत फवारणी असते. तो खायचा नाहीच. महाद्वार रोडवरच्या हारातली फुलंही देवासाठी, पोटासाठी नव्हेत. ती खाण्यासाठी म्हणून पिकवलेली नसतात. गुलकंदाला वापरतात तो गावठी गुलाबी गुलाब, घरच्या कुंडीतला, किमान महिनाभर कुठलंही औषध न मारलेला, तोच घ्या. तो नसेल तर काष्ठौषधीच्या दुकानातल्या वाळक्या पाकळ्या घ्या, पण हातात चुरून वास बघा. वास धुळीचा आला तर परत ठेवा. घरी आणल्यावर चाळून घ्या, तळाशी माती निघते.

पाकळीच्या बुडाशी पांढरा त्रिकोणी भाग असतो. कडवटपणाचं मूळ ते. फूल उलटं धरून पाकळ्या एका मुठीत घ्या, कात्रीने पांढरा भाग एकदम कापा. नऊ वर्षांच्या मुलाला हे नीट जमतं. कडवटपणाचं दुसरं कारण करपणं, ते तापमान उतरवलं की जाईल.

ताजी पाकळी पिठात घालायचीच नाही. ती बहुतेक पाणीच असते. भाजताना ते पाणी सुटतं, भोवतालचं पीठ ओलं होऊन पसरतं आणि पाकळी मात्र काळपट, चिवट होऊन राहते. पाकळ्या धुऊन, कापडाने टिपून, सावलीत पातळ कापडाखाली २ ते ३ दिवस वाळवा. उन्हात रंगही जातो आणि वासही. हे उन्हाळ्याचं झालं. जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या दमट हवेत सावलीतली पाकळी वाळण्याआधी बुरशीला लागते. तेव्हा ओटीजी ६० अंशांवर, दाराच्या फटीत लाकडी चमचा अडकवून, तास-सव्वा तास. बोटांत चुरली की पापडासारखी मोडली पाहिजे. वाकली तर अजून ओल आहे.

वासाचं उत्तर असं की भट्टीत घातलेला सगळा वास भट्टी ठेवत नाही. फुलाचा सुगंध म्हणजे उडून जाणारी तेलं, १५५ अंशांवर त्यातली बरीच उडतात. म्हणून वास दोन हप्त्यांत घाला. पहिला पिठात: वाळक्या पाकळ्या आणि मापातली साखर एकत्र दळून डब्यात दोन दिवस बंद ठेवा. नुसती पूड आयत्या वेळी घालण्यापेक्षा याचा वास जास्त मुरतो. दुसरा भट्टीबाहेर: ट्रे काढल्या काढल्या, बिस्किटं मऊ असतानाच, वर वाळकी पाकळी चुरून भुरभुरायची आणि वाटीच्या सपाट बुडाने अलगद टेकवायची. मिनिटाभराच्या आत केलं तर चिकटते, गुलाबीही राहते. उशीर झाला की नुसती पडते. ट्रे गरम असतो, म्हणून हे मोठ्यांचं काम, मुलांनी पाकळ्या चुरून वाटीत तयार ठेवायच्या.

पिठातली गुलाबपूड भाजल्यावर तपकिरी ठिपक्यांसारखी दिसेल. तो रंग उष्णतेने जातोच, त्याला दोष समजू नका.

गुलाबपाणी घालायचं तर दुधाच्या ऐवजी, १ छोटा चमचा, वर नाही. गुलकंद पिठात नको, त्यातला पाक वितळून बिस्किट पसरतं. आवडत असेल तर बोटाने खळगा करून भाजा आणि गार झाल्यावर खळग्यात मसुराएवढा गुलकंद ठेवा.

मोगरा मला या बिस्किटांसाठी गुलाबापेक्षाही आवडतो, पण तो भाजायचा नाही. संध्याकाळी उमलायच्या बेतातल्या १५ ते २० कळ्या, औषध न मारलेल्या, १०० ग्रॅम साखरेत पुरून बरणी बंद करा. रात्रभरात कळ्या उमलतात आणि साखर तो वास धरते. सकाळी फुलं काढून टाका, तपकिरी पडली की वास बिघडतो. साखर ओलसर होते, ताटात पसरून वाळवा. दुसऱ्या रात्री नव्या कळ्या घालून परत. ही साखर दळून गार बिस्किटांवर चाळणीने भुरभुरायची. गजऱ्याची फुलं यासाठी घेऊ नका.

गोकर्णाला वास नाही, पण मुलांना रंगाचा खेळ दाखवायला त्याच्यासारखं फूल नाही. त्याचं खाली, वेगळं.

लव्हेंडर वाळकं, खाण्याचं म्हणून विकलेलं मिळालं तर या मापाला सपाट १ छोटा चमचा, तोही चुरून. जरा जास्त झालं की साबण खाल्ल्यासारखं लागतं. झेंडू, शेवंती कडू पडतात, सोडून द्या.

आणि मुलं हाताशी असतील तर हे आधी सांगून ठेवा, फूल दिसलं म्हणून वाटीत टाकायचं नाही. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोतरा, घाणेरी, सदाफुली ही विषारी आहेत. तगरही खायची नाही, ती पांढरी, मोगऱ्याशेजारीच लावलेली असते. देठ तोडला की पांढरा चीक आला तर ती तगर, मोगऱ्याला चीक नसतो.

---

कढईतली_भट्टी

वरचं सगळं लई भारी लिहिलंय, त्यात आपल्या भागापुरती भर घालतो.

बदाम महाग पडत असतील तर निम्मा काजू घ्या. आपल्याच जिल्ह्यात आजरा, चंदगडकडं काजू पिकतो, आणि पुडीला अख्खा काजू कशाला लागतोय, तुकडा घ्यायचा. ७५ ग्रॅम बदाम, ७५ ग्रॅम काजू. काजूत तेल बदामापेक्षा थोडं कमी आणि स्टार्च जास्त, त्यामुळं बिस्किट जरा बरं धरतं. चवही सौम्य, गुलाब पुढं येतो. पण काजू मिक्सरात फार लवकर लोण्यासारखा होतो. बटण दोन सेकंद नव्हे, एकच सेकंद दाबा, आणि काजू दळायच्या आधी हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये तासभर ठेवा. डबा उघडा ठेवला तर ओल धरतो.

कोल्हापूर म्हटल्यावर गुळाचा विषय निघणारच. आपल्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, अभिमान आहेच, पण या बिस्किटात तो सगळ्या साखरेच्या जागी घालू नका. गूळ हवेतली ओल ओढतो. सगळा गूळ घातला की बिस्किट पहिल्या दिवशी छान आणि तिसऱ्या दिवशी चिक्कीसारखं दाताला चिकटतं. साखर २५ ग्रॅम, गूळ २५ ग्रॅम एवढ्यावर थांबा. गूळ बारीक किसून ताटात पसरून दिवसभर वाळवा, मग शिंगाडा पिठाबरोबर दळा, म्हणजे गठ्ठा होत नाही. भट्टी १५० ला, कारण गुळानं रंग लवकर चढतो. रंग बघून 'झालं' ठरवू नका, घड्याळ बघा. गुळाबरोबर गुलाबाचा वास दबतो, वेलदोडा जास्त शोभतो.

ज्यांच्याकडं ओटीजी नाही त्यांनी जाड बुडाची खोल कढई घ्यावी. तळाला दोन बोटं मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर घट्ट बसणारं झाकण. मध्यम आचेवर १२ मिनिटं तापवायची, मग आच एकदम बारीक. ॲल्युमिनियमच्या ताटलीत बटर पेपर, त्यावर बिस्किटं, ६-७ पेक्षा जास्त नाहीत. १८ ते २२ मिनिटं. कढईत वरून आच नसते, वरचा भाग पांढराच राहतो. वर रंग येईल म्हणून वाट बघत बसलं की तळ कोळसा होतो. झाकणाच्या आत वाफ धरते आणि थेंब बिस्किटावर पडतात, म्हणून झाकणाला आतून सुती फडकं बांधा, टोकं वर गाठ मारून, गॅसपर्यंत लोंबता कामा नयेत.

दिवाळीला बरीच घरं नानकटाईचं पीठ बेकरीच्या भट्टीत भाजून आणतात. ही बिस्किटं तिथं नेऊ नका. पत्रे, हवा, फळीवर सगळीकडं मैदा उडालेला असतो. गव्हाचं पथ्य असलेल्या माणसाला तेवढाही त्रास देतो.

---

रविवारची_भट्टी

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांना मनापासून धन्यवाद. तीन गोष्टी राहिल्या. आजींसाठी लोण्याऐवजी घरचं म्हशीचं तूप चालेल का, आणि किती? गोकर्णाचं काय ते सांगा. आणि शनिवारीच गोळा करून ठेवला तर?

---

खुसखुशीत

तूप चालेल. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं, तुपात जवळपास नाहीच, म्हणून वजनाला वजन घ्यायचं नाही. ६५ ग्रॅम लोण्याच्या जागी ५२ ग्रॅम तूप आणि २ छोटे चमचे थंड दूध. हे दूध शेवटी घालायचं, साखरेत नाही. तूप थिजलेलं, रवाळ हवं. पातळ तुपात केलं तर गोळा चिखलासारखा होतो आणि फ्रिजमध्ये दगड. एप्रिल-मेमध्ये ओट्यावरचं तूप थिजतच नाही, तेव्हा वाटी बर्फाच्या पाण्यात धरून चमच्याने ढवळत राहा, पांढरं दाट झालं की घ्या. तुपातली बिस्किटं जास्त रवाळ, नानकटाईच्या जवळ जातात, आणि मोडतातही लवकर, म्हणून ८ मिलिमीटरच्या खाली लाटू नका.

घरी काढलेलं पांढरं लोणी वापरणार असाल तर ते फ्रिजमध्ये घट्ट करून मलमलच्या कापडात दाबून पाणी काढा. ताकाचा अंश राहिला तर बिस्किट आंबूस लागतं.

शनिवारी करून ठेवाच, उलट चांगलं. ४ सेंटिमीटर जाडीची वळकटी करा, बटर पेपरमध्ये गुंडाळा, दोन्ही टोकं पिळा. फ्रिजमध्ये दोन दिवस, फ्रीझरमध्ये महिनाभर. फ्रीझरमधून काढल्यावर १५ मिनिटं थांबा, मग पातळ सुरीने काप पाडा. लगेच कापलं तर ठिकऱ्या उडतात. प्रत्येक कापानंतर वळकटी थोडी फिरवा, नाहीतर एक बाजू चपटी होते.

---

गच्चीवरची_बाग

गोकर्ण: ताजी निळी फुलं ६, हिरवा देठ आणि मधला दांडा काढून फक्त पाकळ्या. शेंग, बिया यायला नकोत, बिया रेचक असतात. २ मोठे चमचे कडकडीत पाण्यात १० मिनिटं ठेवा, पिळून गाळा. गडद निळं पाणी मिळतं. पिठात घालू नका, बदामाच्या पिवळसर पिठात आणि उष्णतेत ते राखाडी दिसतं. ६० ग्रॅम घरची पिठीसाखर घ्या, त्यात हे निळं पाणी २ छोटे चमचे, थेंब थेंब घालून. चमच्यावरून जाड फितीसारखं पडलं पाहिजे. आता यातलं अर्धं निळं मिश्रण दुसऱ्या वाटीत काढून त्यात लिंबाचे २ थेंब मुलांना टाकू द्या. ढवळता ढवळता निळ्याचा जांभळा होतो. आंबटाने तो रंग बदलतो, आणि सोड्याने हिरवट पडतो, तेव्हा सोड्याचा चमचा त्यात बुडवू नका.

बिस्किटं पूर्ण गार झाल्यावरच हे लावायचं, कोमट असली तरी वितळून वाहतं. पंख्याखाली दोन तास सुकवा. लावलेली तीन दिवसांत संपवा. साधी बिस्किटं घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून, ८ ते १० दिवस राहतात. पावसाळ्यात मऊ पडली तर १३० अंशांवर ५ मिनिटं, आणि गार झाल्यावर डबा. निळी लावलेली परत तापवायची नाहीत.

शेजारी वाटणार असाल तर डब्यावर चिठ्ठी लावा: बदाम, काजू, दूध आहे. गहू नाही एवढंच सांगितलं तर सुक्यामेव्याची ॲलर्जी असलेलं एखादं पोरगं निर्धास्तपणे खाऊन बसेल.